मोक्साचा शेक आणि संधिवाताची औषधं एकत्र चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईंचं वय ५८. तीन वर्षांपासून रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा संधिवात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि लागेल तशी वेदनाशामक गोळी चालू आहे. सूज पूर्वीपेक्षा कमी आहे, पण सकाळी तासभर बोटं आखडलेली असतात आणि गुडघे दुखतात. मोक्साचा, म्हणजे वाळवलेली औषधी पानं जाळून दिला जाणारा, शेक देणाऱ्या एका उपचारकांनी सांगितलंय की तीन महिने नियमित शेक घेतला तर गोळ्या बंद करता येतील. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: दोन्ही एकत्र चालेल का, औषधं थांबवता येतील का, आणि शेक घरी देता येईल का.

मी संधिवाताचे रुग्ण तपासते आणि त्यातल्या काहींना मोक्साही सुचवते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण नुकसान तिथेच होतं. मोक्साच्या भरवशावर मेथोट्रेक्सेट बंद करायचं नाही, कमीही करायचं नाही. बाकी दोन्ही प्रश्नांची उत्तरं "हो, पण" अशी आहेत.

त्याआधी एक गोष्ट, जी तुमच्या प्रश्नात सहज येऊन गेली पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. औषध चालू असताना सकाळी तासभर बोटं आखडत असतील तर आजार अजून पुरता आटोक्यात नसण्याची शक्यता आहे. सांध्याची झीज झाल्याने येणारा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. तासभर टिकणारा आखडलेपणा सांध्याच्या अस्तरातल्या दाहाकडे बोट दाखवतो. त्यामुळे पहिली भेट मोक्साच्या उपचारकांची नको, संधिवाततज्ज्ञांची घ्या. सुजलेले सांधे मोजून घ्या, ईएसआर आणि सीआरपी या रक्तातला दाह मोजणाऱ्या तपासण्या करून घ्या, गरज वाटली तर हातांची सोनोग्राफी. मेथोट्रेक्सेटचा डोस आठवड्याला २५ मिलिग्रॅमपर्यंत नेता येतो. १५ मिलिग्रॅमच्या पुढे गोळीतून शरीरात शोषलं जाणारं औषध त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून बरेच डॉक्टर तिथून पुढे इंजेक्शनचा विचार करतात. म्हणजे आईंकडे अजून वापरून न पाहिलेले सरळ मार्ग शिल्लक आहेत. ते बाजूला ठेवून शेकाकडे वळणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

आता मोक्सा म्हणजे काय ते पाहू. आपल्या दवण्याच्याच वनस्पतिकुळातलं एक झुडूप पूर्व आशियात होतं. चीनमध्ये त्याची आर्टेमिसिया आर्गी ही जात वापरतात, जपानमध्ये आर्टेमिसिया प्रिन्सेप्स. त्याची पानं वाळवून, कुटून, चाळून लोकरीसारखा मऊ कापूस काढतात. हा कापूस न भडकता धुमसत राहतो आणि संथ, सारखी उष्णता देतो. त्याची कागदात गुंडाळलेली कांडी त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरतात. नाहीतर आल्याच्या चकतीवर छोटा शंकू ठेवून पेटवतात, किंवा छिद्रं असलेल्या लाकडी डबीत ठेवून डबी कमरेवर किंवा गुडघ्यावर ठेवतात. अ‍ॅक्युपंक्चरसाठी टोचलेल्या सुईच्या मुठीवर मोक्सा जाळायचीही पद्धत आहे. आणि एक जुनी, कठोर पद्धत म्हणजे थेट त्वचेवर जाळून फोड आणायचा, व्रण पडू द्यायचा. आईंच्या बाबतीत ही शेवटची पद्धत पूर्णपणे वर्ज्य समजा. कारण पुढे सांगते.

उपचार फार जुना आहे. चीनमध्ये चांग्शाजवळच्या मावांगद्वै इथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेली एक कबर १९७३ मध्ये उघडली, त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकीय ग्रंथ सापडले. शरीरातल्या अकरा वाहिन्यांचं वर्णन करणाऱ्या त्या लेखनात उपचार म्हणून मोक्सासारखं डागणं आहे, सुयांचा उल्लेखही नाही. सतराव्या शतकात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, हेर्मान बुशॉफ हा डच धर्मोपदेशक गाउटने हैराण झाला होता. मोक्साने त्याला आराम पडला, त्याने त्याबद्दल लिहिलं आणि युरोपला या उपचाराची ओळख झाली. २०१० मध्ये युनेस्कोने चिनी अ‍ॅक्युपंक्चर आणि मोक्साचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. हे सगळं आदराने सांगते आहे. पण वारसा म्हणून मिळालेली मान्यता हा संधिवात थांबतो याचा पुरावा नाही, आणि बुशॉफचा गाउट हा वेगळा आजार. त्याचे झटके उपचार न करताही एक-दोन आठवड्यांत ओसरतात.

संधिवातात दोन गोष्टी वेगवेगळ्या चालू असतात आणि घरच्यांना त्या एकच वाटतात. एक म्हणजे दुखणं: वेदना, आखडणं, थकवा, झोपमोड. दुसरी म्हणजे आत चाललेली मोडतोड. सांध्याचं अस्तर सुजून जाड होतं, कूर्चा खातं, हाडाच्या कडांना खड्डे पाडतं. पडलेले खड्डे सहसा भरून येत नाहीत. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी बरोबर वाढतात आणि बरोबर उतरतात, म्हणून गल्लत होते. पण दुखणं कमी झालं म्हणजे मोडतोड थांबली असं नाही. आमच्याच वैद्यकातलं उदाहरण घ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी दुखणं आणि सूज दोन्ही उतरतात, रुग्ण कामाला लागतो, पण हाडांचे खड्डे वाढतच राहतात. म्हणूनच फक्त वेदनाशामकांवर संधिवाताचा रुग्ण ठेवणं आज चूक मानलं जातं. मोक्साला मी हाच नियम लावते. त्याने आईंना बरं वाटेल का? वाटू शकतं. त्याने सांध्याचं नुकसान थांबतं असं माणसांमध्ये, एक्स-रे पाहून, कुणी भक्कमपणे दाखवलेलं नाही.

मोडतोड थांबवणारी औषधं मात्र आपल्याकडे आहेत. मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत संधिवातासाठी मान्यता मिळाली १९८८ मध्ये. त्याआधीचे रुग्ण पाहिलेल्या वरिष्ठांकडून वाकड्या झालेल्या बोटांची आणि खाटेला खिळलेल्या तरुण बायकांची वर्णनं मी ऐकली आहेत. १९९० च्या दशकाच्या शेवटी टीएनएफ हा दाहक रेणू अडवणारी जैविक औषधं आली, त्यानंतर आयएल-६ हा तसाच दुसरा रेणू अडवणारी, आणि २०१२ पासून टोफासिटिनिबसारख्या गोळ्या. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने उपचाराचं ध्येयच बदललं. "बरं वाटतंय ना?" एवढ्यावर न थांबता ठरावीक मोजमाप ठरावीक मुदतीत खाली आणायचं. २८ सांध्यांची तपासणी, रक्तातला दाह आणि रुग्णाचं स्वतःचं मत मिळून जो डीएएस-२८ आकडा निघतो, तो २.६ च्या खाली आणायचा. निदान ३.२ च्या खाली तरी. आईंचा हा आकडा काय आहे ते विचारा. तो माहीत असल्याशिवाय मोक्सा घ्यावा की न घ्यावा यावर पुढचं बोलणं अर्धवटच राहतं.

मग मोक्सा कशासाठी? मला त्याची खरी जागा एका विशिष्ट गटात दिसते. औषधांनी दाह उतरलाय, सीआरपी नेहमीचा आहे, सांध्यांवर सूज लागत नाही, आणि तरीही माणूस दुखण्याने बेजार आहे. असे रुग्ण थोडे नाहीत. कधी जुन्या दाहाने झिजलेले सांधे दुखतात, कधी सांध्याभोवतीचे स्नायू ताठरलेले असतात, कधी वर्षानुवर्षं वेदना सोसून मज्जासंस्थाच इतकी हळवी झालेली असते की साधा स्पर्शही ठणकतो. इथे औषधांचा डोस आणखी चढवून उपयोग होत नाही, उलट दुष्परिणाम तेवढे वाढतात. डीएएस-२८ मध्ये दुखरे सांधे आणि रुग्णाचं मत मोजलं जात असल्याने दाह नसतानाही आकडा फुगू शकतो, आणि केवळ त्या फुगलेल्या आकड्यापायी रुग्णाला पुढचं महागडं, जोखमीचं औषध लागू होऊ शकतं. या गटात व्यायाम, झोप, शेक यांना मोठी जागा आहे आणि मोक्सा हा त्यातलाच एक चांगला शेक आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रूमेटॉलॉजीने २०२२ मध्ये औषधांखेरीजच्या उपचारांबद्दल मार्गदर्शन दिलं. त्यात ठाम शिफारस एकाच गोष्टीची होती, व्यायामाची. अ‍ॅक्युपंक्चर आणि उष्ण-थंड शेक यांना सशर्त शिफारस मिळाली. उतरंड अशी आहे, आणि माझ्या अनुभवाशी ती जुळते. आई रोज बोटांचे आणि मांड्यांचे व्यायाम करत नसतील तर मोक्साच्या आधी ते सुरू करा.

आता पुराव्याबद्दल. "औषध अधिक मोक्सा" आणि "फक्त औषध" अशी तुलना करणारे पुष्कळ अभ्यास झाले आहेत, बहुतेक चीनमध्ये. एकत्र उपचार घेणाऱ्यांचं दुखणं, आखडलेपणा, कधीकधी ईएसआर आणि सीआरपीही थोडे जास्त उतरले असं त्यांतल्या बऱ्याच जणांनी नोंदवलंय. मग मी हात आखडता का घेते? कारण अभ्यासांची मांडणी. गट लहान, मुदत बहुतेकदा काही आठवड्यांची, आणि शेक मिळतोय हे रुग्णालाही माहीत, तपासणाऱ्यालाही. एका गटाला औषध, दुसऱ्याला तेच औषध अधिक आठवड्यातून तीनदा प्रेमाने दिलेला, सुगंधी, ऊबदार अर्धा तास. दुसरा गट जास्त समाधानी निघणारच, मग आत काहीही घडलेलं असो. मोक्साचं हुबेहूब सोंग करणं अवघड असतं: धूर, वास, ऊब सगळं कळतं. काही ठिकाणी ते जमवलंय. गुडघ्याच्या झिजेवर २०१४ मध्ये ११० रुग्णांचा एक चिनी अभ्यास आला, त्यात बनावट मोक्साशी तुलना करूनही खऱ्या मोक्साने वेदना जास्त कमी झाल्या. पण तो झिजेचा आजार होता, दाहाचा संधिवात नव्हता. काही चिनी अभ्यासांत "नेहमीचं औषध" म्हणून लेइगुंगथंग या वेलीचा अर्क दिलेला असतो. ती वेल संधिवातावर काम करते, पण बीजांडांवर, शुक्रजंतूंवर आणि यकृतावर वाईट परिणामही करते. उपचारक मोक्साबरोबर अशा गोळ्या देऊ लागले तर लगेच थांबा.

उंदरांवरच्या प्रयोगांत मोक्साने सांध्यातले टीएनएफ-अल्फासारखे दाहक रेणू कमी झाल्याच्या नोंदी आहेत. उपचारक बहुधा यांचाच आधार देतात. प्रयोग रंजक आहेत. पण उंदराच्या पायात रसायन टोचून आठवड्याभरात उठवलेली सूज आणि आईंचा अनेक वर्षं चालणारा आजार यांत फार अंतर आहे. आराम का पडतो याची साधी कारणं मला पुरेशी वाटतात: त्या भागाचा रक्तपुरवठा वाढतो, स्नायू सैलावतात, उष्णता टिपणाऱ्या मज्जातंतूंकडून जाणारे संदेश वेदनेच्या संदेशांना मागे सारतात, आणि माणूस वीस मिनिटं निवांत पडून राहतो. यात कमीपणा काहीच नाही. वेदनेत जगणाऱ्या माणसाला आठवड्यातले दोन-तीन हलके दिवस मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

औषधांबरोबर मोक्सा घेताना सर्वांत जास्त फसवणूक होते ती वेळेच्या गणितात, आणि ही फसवणूक कुणी मुद्दाम करत नाही. मेथोट्रेक्सेटचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. समजा डोस वाढवला त्याच आठवड्यात मोक्सा सुरू केला. दोन महिन्यांनी आई मोकळ्या चालू लागल्या. श्रेय कुणाला? शेकाचा परिणाम लगेच जाणवतो, सुगंध लक्षात राहतो, उपचारक आस्थेने विचारपूस करतात. गोळी बिचारी आठवड्यातून एकदा गिळली जाते आणि वर मळमळ देते. साहजिकच श्रेय मोक्साला जातं आणि गोळी सुटते. पुढचे काही आठवडे काहीच बिघडत नाही, कारण औषधाचा परिणाम जसा हळू चढतो तसाच हळू उतरतो. त्यामुळे खात्री आणखी पक्की होते. मग एके दिवशी मनगटं सुजतात, आणि कधीकधी आधी ज्या औषधाने काम भागत होतं ते पुन्हा सुरू करूनही पूर्वीइतका उतार पडत नाही. म्हणून माझा नियम असा: एका वेळी एकच बदल. औषधाचा डोस बदलला असेल तर तीन महिने तो स्थिर होऊ द्या, मग मोक्सा सुरू करा. मोक्सा चालू असेल आणि डॉक्टरांना औषध बदलायचं असेल तर मोक्साचे दिवस आणि पद्धत तेवढ्या काळात बदलू नका.

मोक्सामुळे काही कमी करायचंच असेल तर क्रम ठरलेला आहे. सर्वांत आधी वेदनाशामक गोळ्या. त्या कमी झाल्या तर जठर, मूत्रपिंड, रक्तदाब सगळ्यांनाच फायदा. मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं, त्यामुळे मूत्रपिंडावरचा ताण हटणं दुहेरी मोलाचं. महिन्याला वीस गोळ्या लागत होत्या त्या पाचवर आल्या, तर मोक्साने आपलं काम चोख केलं असं मी म्हणेन. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांनीच, पायरीपायरीने कमी करायचं. ते अचानक तोडलं तर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी सावरू शकत नाहीत आणि जिवावर बेतू शकतं. मेथोट्रेक्सेट आणि जैविक औषधं या क्रमात येतच नाहीत. स्टेरॉइड बंद झाल्यावर, आजार किमान सहा महिने पूर्ण शांत राहिला तर डॉक्टर त्यांचा डोस कमी करण्याचा विचार करू शकतात. तो निर्णय सूज आणि तपासण्या पाहून होतो, शेक किती झाले यावरून होत नाही.

मोक्सा कुठे द्यायचा हा विषय जरा सविस्तर सांगते, कारण इथे जुनं शास्त्र आणि नवं शास्त्र एकमेकांना भेटतात. चिनी वैद्यकात सांधेदुखीचे थंड आणि उष्ण असे प्रकार करतात. लाल, गरम, सुजलेला सांधा उष्ण प्रकारात मोडतो आणि त्यावर मोक्सा द्यायचा नाही असं जाणकार उपचारक आजही मानतात. तिकडे १९७४ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की संधिवाताच्या अस्तरातून निघणारं कोलॅजिनेज हे विकर (एन्झाइम) ३३ अंश सेल्सियसपेक्षा ३६ अंशांना कूर्चेतलं कोलॅजन जवळजवळ चौपट वेगाने तोडतं. निरोगी सांधा शरीरापेक्षा थोडा थंड असतो, सुजलेला सांधा गरम. बाहेरून दिलेल्या शेकाने माणसाच्या सांध्यात नेमकं इतकंच घडतं असा दावा मी करणार नाही, पण गरम सांध्याला आणखी गरम करू नये इतकं शहाणपण घ्यायला हा प्रयोग मला पुरतो. म्हणून उपचाराआधी दर वेळी हाताच्या पालथ्या बाजूने सांधा आणि त्याच्या वरची त्वचा यांची उष्णता ताडून पाहावी. सांधा गरम लागला तर त्या दिवशी त्यावर मोक्सा नको. तेव्हा दूरच्या जागा घेता येतात: गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेला झूसानली बिंदू, कमरेवरचे बिंदू, खांद्याचे स्नायू. आईंच्या गुडघ्याचं दुखणं दाहाचं आहे की झिजेचं हे आधी तपासून घ्या. झिजेचं असेल तर गुडघ्यालाच दिलेला शेक जास्त आराम देईल.

आता धोके. पहिला भाजण्याचा. त्वचा भाजण्यामागे तापमान आणि वेळ दोन्ही असतात. ४४ अंश सेल्सियसला त्वचेला कायमची इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना पाचच सेकंद. म्हणून कांडी एका जागी स्थिर ठेवण्यापेक्षा हळूहळू फिरवत ठेवावी, राख साचू देऊ नये, आणि त्वचा गुलाबी झाली की थांबावं. लालभडक होईपर्यंत वाट बघू नये. संधिवाताच्या रुग्णांत हा धोका दुप्पट काळजीने घ्यायचा असतो. स्टेरॉइड घेतलेली त्वचा कागदासारखी पातळ होते आणि जखम भरायला वेळ लागतो. मेथोट्रेक्सेट आणि जैविक औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे साधा फोडही जंतुसंसर्गाचं दार ठरू शकतो. आणि संधिवाताने दुखावलेल्या सांध्यात पू होण्याची शक्यता मुळातच इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून व्रण पाडणारा मोक्सा वर्ज्य. सुईवर जाळायचा मोक्साही मी या रुग्णांना सुचवत नाही. राख त्वचेवर पडते आणि तापलेल्या सुईवर कुणाचं नीट नियंत्रण नसतं. मधुमेह असेल, पायांना बधिरता असेल, तर "गरम लागतंय का?" या प्रश्नाचं उत्तर भरवशाचं नसतं. अशा वेळी चांगले उपचारक स्वतःची दोन बोटं रुग्णाच्या त्वचेवर, कांडीच्या दोन्ही बाजूंना ठेवतात आणि उष्णता स्वतःच जोखतात. उपचारक निवडताना मी हे आवर्जून पाहते. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बरेचदा बधिर असते. तिथे शेक नको.

दुसरा धोका धुराचा, ज्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मोक्साचा धूर औषधी असतो असं सांगितलं जातं. पण तो जळणाऱ्या पानांचा धूर आहे आणि त्यात सूक्ष्म कण असतात. संधिवात फुप्फुसांनाही ग्रासू शकतो, त्यांत घट्टपणा आणू शकतो. मेथोट्रेक्सेटनेही क्वचित फुप्फुसाला सूज येते. धूम्रपान तर या आजाराचं मान्य कारण आहे. अशा माणसाला बंद खोलीत धुरात बसवणं मला पटत नाही. खिडक्या उघड्या हव्यात, धूर ओढून घेणारा पंखा हवा. खोकला, दमा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर बिनधुराच्या कांड्या किंवा विजेवर चालणारं उपकरण वापरावं. शेक सुरू केल्यानंतर कोरडा खोकला किंवा जिना चढताना धाप लागू लागली तर धुराला दोष देऊन घरी थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ते मेथोट्रेक्सेटचंही लक्षण असू शकतं.

वेदनेवरची पट्टी, मिरचीचा किंवा मेंथॉलचा मलम लावलेल्या जागी शेक नको. त्वचेतून औषध सोडणारी फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाची पट्टी अंगावर असेल तर तिच्याजवळ उष्णता नेणं धोक्याचं, कारण औषध एकदम जास्त शोषलं जातं. इन्सुलिन टोचलेल्या जागेचंही तसंच. जैविक औषधाचं इंजेक्शन दिलेली जागा एक-दोन दिवस सोडून द्या. आणि शेकाशी संबंध नसलेली, पण त्याच खोलीत घडणारी एक गोष्ट: काही उपचारक शेवटी मानेला झटका देऊन "मोकळी" करतात. जुन्या संधिवातात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला बंध सैल झालेला असू शकतो आणि झटक्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते. मानेला झटका नाही, कुणाकडूनही नाही. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

उपचारकांना आईंच्या सगळ्या औषधांची यादी द्या आणि डॉक्टरांना मोक्साबद्दल सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक डॉक्टरांची हरकत शेकाला नसते, औषध सोडण्याला असते. ते मोक्सावर चिडले तरी सांगाच, कारण पायावरचा फोड कशाचा हे त्यांना कळायला हवं. उपचारकांनी कुठलीही पुडी, काढा किंवा वर नाव नसलेली गोळी दिली तर घेऊ नका. सांधेदुखीच्या अशा पुड्यांमध्ये लपवून स्टेरॉइड घातल्याचं जगभर वारंवार आढळलंय. दोन दिवसांत जादूसारखा उतार पडला तर त्याचीच शंका आधी घ्या.

करून बघायचं ठरलंच, तर आठ आठवडे द्या. आठवड्यातून दोन-तीन वेळा, सुरुवातीला दोनच जागा, प्रत्येकी दहा मिनिटं. त्वचेने सोसलं तर पंधरा-वीस. मेथोट्रेक्सेटच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मळमळ, गळून गेल्यासारखं होत असेल तर ते दोन दिवस टाळा, म्हणजे कशाने काय झालं हे कळेल. सुरू करण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे आठ आठवडे एका वहीत रोज लिहा: सकाळी बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागली, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, वेदनाशामक गोळ्या किती घेतल्या, झोप कशी झाली. वही मोक्साची परीक्षा घेईल. सुजलेले सांधे, सीआरपी, यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या डॉक्टर करतील, ती आजाराची परीक्षा. वहीत सुधारणा आणि तपासणीत बिघाड असं दिसलं, तर निर्णय तपासणीवर घ्यायचा, आईंना कितीही बरं वाटत असलं तरी. आठ आठवड्यांत वहीत काहीच हललं नाही, तर मोक्सा सोडून द्या. "अजून दहा बैठका" असा आग्रह झाला तरी.

एकच सांधा अचानक लाल, गरम, हात लावू न देणारा झाला आणि ताप आला, तर शेक नाही, वाट पाहणं नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यातला जंतुसंसर्ग काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना कधीकधी ताप फारसा चढतही नाही.

घरी देता येईल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. येईल, पण आधी काही बैठका जाणकाराकडे होऊ द्या, आणि अंतर किती, हात कसा फिरवायचा, त्वचेचा रंग कसा झाला की थांबायचं हे त्यांच्यासमोर स्वतः करून दाखवा. मग फक्त कांडी किंवा डबी, फक्त गुडघे, कंबर आणि नडगीवरचा बिंदू. आईंनी स्वतः, एकट्याने, संधिवाताच्या बोटांत जळती कांडी धरायची नाही. तुम्ही धरा, त्या झोपणार असतील तर नकोच. राख झटकायला शेजारी धातूची ताटली ठेवा. संपल्यावर कांडी फुंकून विझत नाही, आत तासभर धुमसत राहते. ती वाळूत खुपसून ठेवा किंवा घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. त्वचेवर फोड आला तर फोडू नका, गार पाण्याखाली धरा, स्वच्छ पट्टी बांधा, त्या जागी पुढचे शेक बंद, आणि भोवती लाली पसरू लागली तर डॉक्टरांना कळवा. पुढच्या आठवड्याचा मेथोट्रेक्सेटचा वार बदलायचा नाही, आणि फोडावर संसर्ग झाल्याचं डॉक्टर म्हणाले तर तो डोस थांबवायचा की घ्यायचा हे त्यांनाच विचारून ठरवा.